येळवशीच्या आमंत्रणापासून रोजच्या वहीपर्यंत: रबरी शिक्क्यांनी कार्डं आणि वह्या कशा करायच्या

हाताने कार्डं करायची म्हटलं की माणूस आधी शिक्के विकत घेतो. मोबाइलवर चाळीस-चाळीस शिक्क्यांचे संच दिसतात. त्यांत बर्फाचे कण असतात, पाइनची झाडं असतात, आपल्या उपयोगाचं फार थोडं असतं. संच घरी येतो, पहिला ठसा कागदावर फिस्कटतो आणि सगळा डबा माळ्यावर जातो. दोष शिक्क्याला मिळतो, पण बहुतेक वेळा गुन्हेगार तो नसतो. शाई आणि कागद यांचं एकमेकांशी जमलेलं नसतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते या दोन गोष्टींवर घाला. शिक्का सुरुवातीला जवळजवळ फुकटात होतो, तो कसा ते पुढे येईलच.

लागणारं सामान तालुक्याच्या गावच्या स्टेशनरी दुकानात मिळतं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला जाणं झालं तर चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून दोन-तीन गोष्टी जास्तीच्या आणता येतील, पण त्यासाठी अडून बसू नका.

कागद आधी

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम यावरून सांगतात. झेरॉक्सचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. तो सरावाला ठीक, कार्डाला नाही. कार्ड उभं राहायला हवं तर २०० ते ३०० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद घ्या. दुकानात ‘कार्डशीट’ किंवा ‘आयव्हरी शीट’ मागितली की मिळते. वहीच्या पानांना १०० ते १२० जीएसएम पुरे, म्हणजे शाई पाठीमागे उतरत नाही आणि वही विटेसारखी जडही होत नाही.

लग्नपत्रिकांचा गुळगुळीत, चमकदार कागद घरात ढिगाने पडलेला असतो आणि तो वापरून टाकायचा मोह होतोच. त्यावर शिक्का मारू नका. त्या लेपातून शाई आत शिरत नाही, वरच राहते आणि अंगठा लागला की पसरते. पत्रिकांचा खरा उपयोग वहीच्या पुठ्ठ्याला आहे.

आता हातकागदाविषयी जरा सविस्तर, कारण तो आपल्याच भागातला. संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात कागद करणारे कारागीर इथे येऊन वसले असं सांगतात. गावाचं नावच त्या धंद्यावरून पडलं. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या अशा कागदाला जो पोत असतो तो मिलच्या कागदाला कधी येणार नाही. कार्डाला तो फार शोभतो, मात्र शिक्क्याला तो त्रास देतो. पृष्ठभाग खडबडीत असल्याने बारीक रेघा तुटतात, आणि कागद शाई पीत असेल तर त्याच रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळतात.

कागद कसा आहे हे दुकानातच कळतं. कोपऱ्यावर ओलं बोट टेकवा. डाग लगेच आत जिरून काळपट झाला तर कागद शाई पिणारा आहे. पाणी थोडा वेळ वर थांबलं तर निर्धास्त घ्या. दोन्ही बाजू तपासा, बऱ्याचदा एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत निघते. (दुकानदाराला विचारून तपासा, नाहीतर तो कागद तुमच्याच गळ्यात पडेल. तसाही तो घेण्याजोगाच असतो.)

पिणारा कागद आधीच घरात असेल तर त्याच्यावर उपाय आहे. सुती साडीला घालतात तसली पातळ कांजी करा, रुंद ब्रशने कागदावर एक हात द्या, सावलीत वाळवा आणि मग स्टीलच्या वाटीच्या बुडाने किंवा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटा. जुन्या काळी हातकागदावर बोरूने लिहिता यावं म्हणून हेच करत: खळ लावायची आणि दगडाने घोटायचं. शाई वर राहते आणि ठसा लख्ख उमटतो.

शाई

कचेरीत असतो तो जांभळा किंवा निळा स्टॅम्प पॅड सगळ्यात सहज मिळतो. त्याने सुरुवात करायला हरकत नाही. त्याचे दोन दोष मात्र माहीत असू द्या. उन्हात तो रंग उडतो, त्यामुळे भिंतीवर लावायच्या कार्डाला तो नको. आणि त्या ठशावर जलरंग भरायला गेलात तर शाई पाण्यात सुटते. रंग भरायचेच असतील तर पाण्याने न सुटणारा पिगमेंट शाईचा पॅड घ्या. ही शाई सावकाश वाळते, पावसाळ्यात तर रात्रभर थांबावं लागतं, पण ठसा ठळक आणि टिकाऊ येतो. पॅड कुठला आहे कळत नसेल तर एक ठसा मारा, पूर्ण वाळू द्या आणि त्यावरून ओला ब्रश फिरवा. उत्तर तिथेच मिळेल.

तिसरा मार्ग मुलांच्या दप्तरातून येतो. स्केचपेनने थेट रबरावर रंग लावायचा, एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी. तोवर रंग वाळायला लागलेला असतो, म्हणून रबरावर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडायची आणि लगेच कागदावर दाबायचं. एकाच ठशात दोन-तीन रंग मिळतात आणि पॅड घ्यायचा खर्च वाचतो. अ‍ॅक्रिलिक रंग मात्र टाळा. रबराच्या बारीक खाचांत तो वाळून बसला की टोकरूनही निघत नाही.

शाई घेताना शिक्का पॅडवर दाबून घासू नका. शिक्का उलटा धरा, रबर वर, आणि पॅड त्यावर हलक्या हाताने टपटप टेकवा. छोट्या पॅडने मोठा शिक्कासुद्धा असा नीट भरतो, आणि कडांना शाई लागत नाही. लागलीच तर ठसा मारायच्या आधी चिंधीने पुसून घ्या.

ठसा मारताना कागदाखाली जुनी वही ठेवा. टेबल कडक असेल तर ठशाचा मधला भाग कोरा राहतो, खाली थोडा लुसलुशीतपणा हवा. शिक्का सरळ खाली, सगळीकडे सारखा दाब, सरळ वर. डुलवायचा नाही. तळहाताएवढा शिक्का असेल तर उलटं करा: शिक्का आभाळाकडे तोंड करून टेबलावर ठेवा, वरून कागद टाका आणि बोटांनी चोळा.

पहिलं कार्ड: येळवशीचं आमंत्रण

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवकडची शहरं ओस पडतात आणि वावरं भरतात. कडब्याची कोप, आंबील, भज्जी, उंडे. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात. हे बोलावणं आता फोनवर फॉरवर्ड होऊन येतं, तेच चित्र दहा घरांतून. म्हणून शिकण्यासाठी हे कार्ड निवडलं आहे, आणि दुसरं कारण असं की ज्वारीचं कणीस काढायला शिक्का कोरावाच लागत नाही. पेन्सिलीच्या मागचं गोल रबर म्हणजे एक दाणा.

ए-४ कार्डशीट आडवी मधोमध कापा. प्रत्येक अर्धा तुकडा दुमडला की १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं, ए-६ आकाराचं कार्ड होतं. दुमडायच्या आधी घडीच्या जागी पट्टी ठेवून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा आणि मग त्या रेघेवर दुमडा. जाड कागद असा केला नाही तर घडीवर तडकतो. घडी चमच्याच्या पाठीने घासून बसवा.

कणसाचा बाह्याकार पेन्सिलीने अगदी फिका काढून घ्या: साधारण ५ सेंटिमीटर उंच, मधे फुगीर, टोकाला निमुळता. पेन्सिलीच्या रबराला पिवळा स्केचपेन लावून कडेकडेने ठसे मारत या. ठसे एकमेकांना किंचित चिकटू द्या, सुटेसुटे मारलेत तर कणसाऐवजी टिकल्यांचा गठ्ठा दिसतो. मग तपकिरी घ्या आणि आतला भाग भरा. इथे एक युक्ती कामाची आहे: रंग लावल्यावर पहिला ठसा कार्डावर, आणि पुन्हा रंग न लावता दुसरा, तिसराही कार्डावरच. प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा फिका पडतो. गडद ठसे एका बाजूला, फिके दुसऱ्या बाजूला ठेवले की कणसावर ऊन पडल्यासारखं दिसतं आणि आकाराला गोलाई येते. सगळे दाणे एकाच रंगाचे, एकाच जोराचे केलेत तर कणीस चपटं राहतं. या एका गोष्टीवर वेळ घाला.

देठासाठी पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिच्या कडेला हिरवी शाई लावा आणि कड कागदावर टेकवा. सरळ रेघ उमटते. पानांसाठी तीच पट्टी बोटांत किंचित वाकवून धरायची, वळणदार पातं मिळतं. 

एकामागे एक अशी दोन-तीन कणसं हवी असतील तर पुढचं कणीस आधी काढा. ते वाळलं की त्याच आकाराचा चिकट नोटेचा (स्टिकी नोटचा) तुकडा कापून त्यावर चिकटवा आणि मागचं कणीस बेधडक त्या तुकड्यावरून मारा. तुकडा काढला की मागचं कणीस पुढच्याच्या आडून डोकावतं. नोटेचा चिकट पट्टा चित्रावर येईल असाच तुकडा कापायचा, नाहीतर कड उचलून शाई खाली घुसते.

आतला मजकूर हाताने लिहा. ‘येळवशीला वावरात या, डबा आणू नका’ एवढंही पुरतं.

खोडरबर कोरून शिक्का

पेन्सिलीच्या टोकाने हात बसला की कोरायला घ्या. शाळेत वापरतात ते मऊ, पांढरं, प्लास्टिकसारखं मोठं खोडरबर चांगलं. रेताड, भुगा होणारं रबर कोरताना तुकड्या-तुकड्यांनी निघतं. हत्यार म्हणून कागद कापायचा कटर चालतो. चित्रकलेच्या दुकानातला लिनो कटर मिळाला तर खाचा फार स्वच्छ निघतात.

नक्षी कुठून आणायची, हा प्रश्न मराठवाड्यात पडायला नको. पैठणीचा नारळी काठ, आसावलीची वेल, बीबी का मकबऱ्याच्या जाळीतले भौमितिक आकार, घरातल्या तोरणावरचा पोपट. मोरापासून सुरुवात करण्याचा हट्ट सगळे करतात. करू नका, मोराच्या पिसाऱ्यात नवशिक्याचा हात अडकतो. नारळी काठातला एकच टोकदार आकार घ्या, एक सेंटिमीटर रुंदीचा. तो दहा वेळा ओळीने मारला की कार्डाची पूर्ण कड भरते, आणि लोकांना वाटतं तुम्ही अख्खा काठ कोरलात.

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा. तो कागद रबरावर पालथा ठेवा आणि मागून नखाने घासा. पेन्सिल रबरावर उतरते, तीही उलटी, म्हणजे छाप सुलट येणार. अक्षरं कोरताना तर हाच मार्ग धरावा. ‘र’ आणि ‘ल’ डोक्यात उलटे करत बसायची गरज राहत नाही.

जे छापायचं ते ठेवायचं, बाकीचं दोन-तीन मिलिमीटर खोल काढायचं. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे उरलेली रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहते. उलट तिरकं धरलं तर रेघ खालून पोकळ होते आणि चार ठशांत वाकते. वळण आलं की पातं न फिरवता रबर फिरवा. दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत कधीही नकोत, आणि लहान लेकरांना हे काम देऊ नका, त्यांच्यासाठी भेंडीचा काप आहे.

मधूनमधून ठसा मारून बघा. जिथे नको तिथे शाई दिसेल तेवढंच पुन्हा काढा. थोडे ओरखडे राहिले तर राहू द्या, हाताचं काम आहे हे त्यांनीच कळतं. रबराच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण आणि मध्यरेषा पेनने काढून ठेवा, ओळ सरळ लावायला तीच उपयोगी पडते.

दुकानातून शिक्का करून घ्यायचा तर

कोर्ट किंवा तहसील कचेरीच्या आसपास ‘रबरी शिक्के तयार करून मिळतील’ अशी पाटी दिसतेच. तिथे तुमच्या अक्षरातलं ‘सप्रेम’, घराचं नाव, लेकीने काढलेली चिमणी, काहीही करून मिळतं. चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढा, राखाडी छटा नको, आणि रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. उलटं करून देऊ नका, ते काम दुकानदार करतो. दोघांनीही उलटं केलं की शिक्का सुलटा होतो आणि छाप उलटी येते.

मराठी मजकूर मोबाइलवरून पाठवायचा असेल तर टाइप करून न पाठवता चित्र किंवा पीडीएफ करून पाठवा. बऱ्याच दुकानांतल्या संगणकावर जुनी लिपी-प्रणाली असते, तिथे युनिकोडमधला मजकूर गेला की वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षर फार बारीक ठेवलं तर ‘क्ष’, ‘ष’, ‘ध’ यांच्या पोटात शाई भरून काळा ठिपका होतो. आणि सिंहमुद्रेचा हट्ट धरू नका. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे, शहाणा दुकानदार नाहीच म्हणेल.

वही बांधणे

शिक्के बसवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपण बांधलेली वही. पानं शिवायच्या आधी ठसे मारून घ्या, शिवलेल्या वहीत घडीजवळ शिक्का सपाट टेकत नाही. एका जुडीची वही पहिल्या दिवशीही जमते:

१. पाच ए-४ कागद मधोमध दुमडा. दहा पानं, वीस पृष्ठं होतात. प्रत्येक कागद वेगळा दुमडून मग एकात एक घाला, घडी नीट बसते. कव्हरसाठी जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा किंवा कार्डशीट, पानांपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठी, तीही दुमडून बाहेरून लावा.

२. घडीची लांबी २१ सेंटिमीटर आहे. मधोमध एक खूण, दोन्ही टोकांपासून ३ सेंटिमीटरवर एकेक. वही उघडून, खाली जाड पुठ्ठा ठेवून, तिन्ही खुणांवर दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा.

३. जाड सुती दोरा साधारण ६० सेंटिमीटर घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे त्याला पीळ पडत नाही.

४. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, एक वीतभर टोक आत सोडा. बाहेरून वरच्या भोकात आत या. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत.

५. आत दोन टोकं झाली. ती मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घ्या आणि त्या टाक्यावर गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनेच ओढा. कागदाच्या आडवा ओढला की भोक फाटतं.

जाड वही हवी तर अशा अनेक जुड्या एकमेकींना शिवायच्या, त्याला बाइंडरकडे जुजबंदी म्हणतात. ते काम शेजारच्या बाइंडरकडे बसून बघितल्याशिवाय हातात येत नाही, लिहून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे गेलात तर मैद्याची खळही बघा. कसर लागू नये म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, घरात लेकरं असतील तर ती भानगड नको, फेविकॉल वापरा.

वहीत कुठले शिक्के हवेत? माझं मत विचाराल तर पहिला मान तारखेच्या शिक्क्याला. कचेरीत वापरतात तो, पट्टे फिरवून दिवस-महिना-वर्ष लावायचा. घेताना वर्षाचा पट्टा फिरवून बघा, जुना माल असेल तर पुढची वर्षं थोडीच उरलेली असतात. दुसरा, थेंबाचा. खोडरबरावर तो चार घावांत होतो. नळाला ज्या दिवशी पाणी आलं त्या तारखेपुढे निळा थेंब मारायचा. वर्षभराची पानं चाळली की पालिकेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त खरी माहिती हाती लागते. शेतीची वही असेल तर पावसाच्या दिवसाला तोच थेंब काळ्या शाईत. बाकी हिशेबाला, पाककृतींना, औषधाच्या वेळांना जसजशी गरज पडेल तसतसे एकेक छोटे शिक्के कोरत जा.

सामान सांभाळणे

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पॅड बघता बघता वाळतात. झाकण घट्ट लावून, हवाबंद डब्यात, कुलरपासून लांब ठेवा. स्पंजचे पॅड पालथे ठेवले तर शाई पृष्ठभागाकडे येते. वाळलेल्या कचेरीच्या पॅडला त्याचीच सुटी शाई बाटलीतून मिळते, ती थेंबथेंब सोडा आणि रात्रभर मुरू द्या. भरभरून ओतलीत तर पुढचे सगळे ठसे चिखल होतील.

काम झालं की शिक्का ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. कोरलेली खोडरबरं प्लास्टिकच्या डब्यात उघडी ठेवली तर महिनाभरात डब्याला चिकटून बसतात, दोन्हीचा पृष्ठभाग खराब होतो. प्रत्येक शिक्का कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि त्या कागदावर त्याच शिक्क्याचा एक ठसा मारून ठेवा, म्हणजे शोधताना दहा पुड्या उघडाव्या लागणार नाहीत.

कार्ड टपालाने पाठवायचं असेल तर ११.४ बाय १६.२ सेंटिमीटरचं पाकीट बसतं. मणी, टिकल्या, जाड गाठी चिकटवू नका, वाटेत चेंगरून पाकीट फाटतं. वजन टपाल कचेरीतच करून तिकीट लावा, आणि पत्ता बॉलपेनने लिहा. स्केचपेनचा पत्ता पावसाच्या एका शिंतोड्यात वाहून जातो.